परताऱ्याभोवतीचा ग्रह स्वतः टिपण्यासाठी: एचडी २०९४५८ च्या अधिक्रमणाचे निरीक्षण आणि गणित

ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रात्री साडेआठच्या सुमारास मुंबई, पुणे किंवा अहिल्यानगर येथून मान पूर्ण वर करून पाहिले, तर बरोबर डोक्यावर महाअश्व तारकासमूहाचा एक तसा रिकामा भाग येतो. त्या भागात ७.६५ प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा पण साध्या द्विनेत्रीतून सहज दिसणारा एक तारा आहे. त्याला लौकिक नाव नाही. सूचीतील त्याचा क्रमांक एचडी २०९४५८ असा आहे. हा तारा दर साडेतीन दिवसांनी तीन तासांपुरता दीड टक्क्याने मंद होतो, कारण त्याच्याभोवती फिरणारा एक वायुरूप ग्रह तेवढा वेळ त्याच्या बिंबासमोरून सरकत असतो. आपल्या सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाचे असे अधिक्रमण सर्वप्रथम टिपले गेले ते याच ताऱ्यावर, १९९९ च्या सप्टेंबरात, आणि तेही अवघ्या दहा सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीने. तेवढ्या साधनात हे निरीक्षण आज कोणत्याही चिकाटीच्या हौशी निरीक्षकाला करता येते, आणि ते कसे करावे हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

सुरुवातीला एक शब्दाचा प्रश्न मिटवतो. मराठीत अशा ग्रहांना पुष्कळदा ‘बाह्यग्रह’ म्हटले जाते. परंतु आपल्याकडच्या जुन्या खगोलीय लेखनात हाच शब्द मंगळापासून पुढच्या, म्हणजे पृथ्वीच्या कक्षेबाहेरच्या ग्रहांसाठी रूढ आहे, आणि दोन्ही अर्थ एकाच परिच्छेदात आले की वाचकाची फसगत होते. म्हणून मी येथे ‘परग्रह’ हा शब्द वापरतो, जरी तो उच्चारला की काही लोकांना उडत्या तबकड्या आठवतात.

हाच तारा का

परग्रह शोधण्याच्या पद्धती अनेक असल्या, तरी घरच्या साधनांनी साधण्याजोगी पद्धत अधिक्रमणाचीच आहे. ८ जून २००४ आणि ६ जून २०१२ या दिवशी महाराष्ट्रातून अनेकांनी शुक्राचा काळा ठिपका सूर्यबिंबावरून सरकताना पाहिला असेल. त्या वेळी शुक्राने सूर्यबिंबाचा जेमतेम एक हजारांश भाग झाकला होता. परताऱ्याचे बिंब आपल्याला दिसत नाही, तो एक बिंदूच राहतो. त्यामुळे ठिपका पाहण्याऐवजी एकूण प्रकाशात झालेली घट मोजावी लागते. पृथ्वीएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गेला, तर ही घट ०.००८४ टक्के इतकी क्षुद्र असते आणि ती वातावरणाच्या थरथराटात कुठल्या कुठे हरवून जाते. गुरूसारखा ग्रह मात्र एक टक्क्याच्या आसपास प्रकाश अडवतो, आणि तेवढी घट जमिनीवरून मोजता येते.

शिवाय अधिक्रमण दिसण्यासाठी ग्रहाची कक्षा आपल्या दृष्टिरेषेला जवळजवळ समांतर असावी लागते. याची शक्यता ताऱ्याच्या त्रिज्येला कक्षेच्या त्रिज्येने भागले की मिळते. दूरच्या एखाद्या निरीक्षकाला पृथ्वीचे सूर्यावरील अधिक्रमण दिसण्याची शक्यता २१५ मध्ये एक इतकीच आहे. आपल्या या ग्रहासाठी तीच शक्यता नवात एक इतकी होती. ताऱ्याला चिकटून फिरणारे मोठे ग्रह आधी का सापडले, याचे एक उत्तर या साध्या भागाकारात आहे. आज ज्ञात परग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली असली, तरी त्या यादीकडे पाहताना ती विश्वाचा नमुना आहे असे न मानता आपल्या जाळ्याच्या भोकांचा आकार तीत उमटला आहे, हे ध्यानात ठेवावे.

एचडी २०९४५८ ची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर, उत्तर १८ अंश ५३ कला आहे (६० कलांचा एक अंश). म्हणजे मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर तो याम्योत्तर (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना ख-मध्यापासून, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून, अर्ध्या अंशाच्याही आत असतो. नागपूरहून तो सव्वादोन अंश दक्षिणेला आणि गोव्याहून साडेतीन अंशांच्या आसपास उत्तरेला दिसतो. ताऱ्याचा प्रकाश वातावरणाच्या सर्वांत पातळ थरातून येणे ही दीप्तिमापनातील, म्हणजे ताऱ्याचे तेज मोजण्याच्या कामातील, सर्वांत मोठी सवलत होय, आणि युरोपातील निरीक्षकांना ती या ताऱ्यासाठी मिळत नाही.

तारा ओळखणे

पूर्वाभाद्रपदा नक्षत्राचे दोन तारे महाअश्वाच्या चौकोनाची पश्चिम बाजू करतात. त्यांतील दक्षिणेचा तारा मर्काब. हात लांब करून धरलेली मूठ आकाशात साधारण दहा अंश व्यापते. मर्काबपासून पश्चिमेला दीड मूठ आणि किंचित उत्तरेला सरकले की आपण योग्य परिसरात पोहोचतो. पुढचे काम नकाशाने किंवा संगणकावरील तारांगणाने करावे. ताऱ्याचे आकाशातील पूर्व-पश्चिम स्थान सांगणारा विषुवांश २२ तास ३ मिनिटे, क्रांती वर दिली आहेच. पहिल्या रात्री केवळ तारा निश्चित ओळखण्याचे आणि त्याचे क्षेत्र छायाचित्रात टिपण्याचे काम करावे, मोजणीचा मोह टाळावा. चुकीच्या ताऱ्याचे पाच तास उत्कृष्ट निरीक्षण करून बसलेले लोक मी पाहिले आहेत.

वेळेचे गणित

अधिक्रमणाची वेळ तयार सांगणारी संकेतस्थळे आहेत. नासाच्या परग्रह संग्रहाची सेवा आहे, आणि झेक खगोल संस्थेने चालवलेली अधिक्रमणांची माहितीपेटीही आहे. तरीही पहिल्यांदा हे गणित हाताने करावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण त्याशिवाय आवर्तनाची लय अंगात मुरत नाही.

एका अधिक्रमणाचा मध्य ज्युलियन दिनांक (खगोलशास्त्रातील सलग दिवसमोजणी) २४५२८२६.६२८५ या क्षणी, म्हणजे ६ जुलै २००३ रोजी, होता आणि आवर्तकाल ३.५२४७४८५९ दिवसांचा, म्हणजे ३ दिवस १२ तास ३५ मिनिटे ३८ सेकंदांचा आहे. मूळ क्षणात आवर्तकालाची पूर्ण पट मिळवत जायची. उदाहरणादाखल २,४०८ फेऱ्या घेऊ: ३.५२४७४८५९ ला २,४०८ ने गुणले की ८४८७.५९४६ दिवस येतात, ते मिळवून २४६१३१४.२२३१ हा क्षण मिळतो, आणि त्याचे रूपांतर केले की ३० सप्टेंबर २०२६, भारतीय प्रमाणवेळेनुसार रात्रीचे १० वाजून ५१ मिनिटे असे उत्तर येते. आवर्तकाल इतका अचूक माहीत आहे की एवढ्या फेऱ्यांनंतरही साचलेली अनिश्चितता दीड मिनिटाच्या आत राहते.

येथे एक दुरुस्ती बाकी राहते. हा क्षण सूर्यावर बसलेल्या काल्पनिक निरीक्षकाचा आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना कधी त्या ताऱ्याच्या बाजूला असते आणि कधी पलीकडे, त्यामुळे प्रकाश आपल्याकडे काही मिनिटे आधी किंवा नंतर पोहोचतो. या ताऱ्यासाठी सप्टेंबरच्या सुरुवातीला तो सुमारे सात मिनिटे आधी येतो आणि ऑक्टोबरअखेर साधारण चार मिनिटे आधी. म्हणून वरील उदाहरणातील अधिक्रमणाचा मध्य आपल्या घड्याळात पावणेअकराच्या सुमारास पडेल.

आता लय पाहा. एका अधिक्रमणानंतरचे दुसरे तीन दिवस आणि साडेबारा तासांनी येते, म्हणजे एक रात्री पडले तर पुढचे दिवसा पडते. त्यानंतरचे तिसरे मात्र त्याच वारी, ७१ मिनिटे उशिरा, पुन्हा रात्री येते. थोडक्यात, दर आठवड्याला एकच संधी, आणि तीही सव्वा-सव्वा तासाने पुढे सरकणारी. खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड शार्बोनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये पाहिलेली पहिली दोन अधिक्रमणे ९ आणि १६ सप्टेंबरची आहेत. बरोबर एका आठवड्याच्या अंतराने ती का आहेत, हे आता वेगळे सांगायला नको.

अधिक्रमण ३ तास ४ मिनिटांचे असते. त्याच्या आधीचा आणि नंतरचा किमान एकेक तास मोजणीत धरावा, कारण ताऱ्याचे मूळ तेज किती हे त्या दोन तासांवरूनच ठरते. तारा याम्योत्तरावर येण्याच्या सव्वाचार तास आधीपासून सव्वाचार तास नंतरपर्यंत क्षितिजापासून तीस अंशांच्या वर असतो, तेव्हा पाच तासांची बैठक आरामात बसते. अडचण पावसाळ्याची आहे. तारा मध्यरात्री डोक्यावर येतो तो ऑगस्टच्या अखेरीस, जेव्हा आपल्याकडे आकाशच नसते. त्यामुळे व्यवहारात सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतची पाच-सहा संधी देणारी पट्टी आपल्या वाट्याला येते, आणि त्यातही दिवाळीच्या फटाक्यांच्या धुराच्या रात्री वगळलेल्या बऱ्या.

साधने

दहा सेंटिमीटर किंवा अधिक व्यासाची दुर्बीण, किंवा २०० मिलिमीटरची चांगली लेन्स बसवलेला डीएसएलआर कॅमेरा, आणि ताऱ्यामागे अचूक फिरणारे मोटरचे माउंट एवढे पुरते. दुर्बीण मोठी असण्यापेक्षा क्षेत्र रुंद असणे येथे अधिक उपयोगी आहे. आपला तारा बराच तेजस्वी आहे, आणि त्याच्याशी तुलना करण्याजोगे तेवढेच तेजस्वी तारे मोठ्या दुर्बिणीच्या चिंचोळ्या क्षेत्रात बहुधा सापडत नाहीत. २०० मिलिमीटरची लेन्स साध्या डीएसएलआरवर सुमारे साडेसहा अंश बाय सव्वाचार अंशांचे क्षेत्र दाखवते, आणि त्यात निवडीला वाव असतो.

प्रकाश पुरेल का, ही शंका येणे स्वाभाविक आहे. दहा सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून या ताऱ्याचे मिनिटाला साधारण दहा लाखांच्या घरात प्रकाशकण कॅमेऱ्यात नोंदले जातात. मोजणीतील अपरिहार्य अनिश्चितता ही संख्येच्या वर्गमुळाएवढी असते. दहा लाखांचे वर्गमूळ एक हजार, म्हणजे अनिश्चितता एक हजारांश. आपल्याला पाहायची आहे ती घट याच्या पंधरापट आहे. तेव्हा अपयश आलेच तर ते प्रकाशाच्या तुटवड्यामुळे येत नाही. ते पुढे सांगितलेल्या बारीकसारीक हलगर्जीपणामुळे येते.

निरीक्षणाची रात्र

फोकस मुद्दाम बिघडवावा. छायाचित्रकाराला हे ऐकवत नाही, परंतु ताऱ्याचे टोकदार चित्र दोन-चार पिक्सेलवर पडले की ते पिक्सेल संपृक्त होतात, म्हणजे त्यांची क्षमता भरून जाते, आणि तारा पिक्सेलच्या एका भागातून दुसऱ्या भागात किंचित सरकला तरी मोजलेले तेज बदलते. तारा पंधरा-वीस पिक्सेल व्यासाच्या छोट्या वडीसारखा पसरला की दोन्ही दोष आटोक्यात येतात. मात्र शेजारचा तारा त्या वडीत मिसळणार नाही एवढे पाहावे.

छायाचित्रे कच्च्या स्वरूपातच साठवावीत. जेपीजी करताना कॅमेरा तेजाच्या आकड्यांशी खेळतो आणि मग ते आकडे मोजणीच्या कामाचे राहत नाहीत. डीएसएलआर असेल तर पुढे हिरव्या पिक्सेलचीच मोजणी करावी. एक्स्पोजर असा ठेवावा की ताऱ्याचा सर्वांत उजळ पिक्सेल त्याच्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास राहील, आणि एकदा ठरवलेला एक्स्पोजर, संवेदनशीलता व फोकस पाच तास बदलू नये. कॅमेऱ्याचे किंवा संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरून सेकंदापर्यंत जुळवून घ्यावे. हे पाच मिनिटांचे काम राहून गेले, तर पुढचे सगळे अचूक गणित एका सैल खिळ्यावर टांगल्यासारखे होते.

तीन प्रकारची पूरक छायाचित्रे लागतात. झाकण लावून तेवढ्याच एक्स्पोजरची ‘डार्क’ चित्रे कॅमेऱ्याच्या उष्णतेतून उपजणारा खोटा संकेत दाखवतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात शीतकरण नसलेल्या कॅमेऱ्याचे तापमान संध्याकाळ ते मध्यरात्र बरेच उतरते, म्हणून ही चित्रे बैठकीच्या सुरुवातीला आणि शेवटी अशी दोनदा घ्यावीत. सर्वांत लहान एक्स्पोजरची ‘बायस’ चित्रे इलेक्ट्रॉनिक पाया सांगतात. आणि संधिप्रकाशातील एकसारख्या उजळ आकाशाची ‘फ्लॅट’ चित्रे लेन्सच्या कडेचा अंधार व धुळीचे ठिपके दाखवतात. फ्लॅट चित्रे घेण्याचा कंटाळा सर्वांनाच येतो. तो करू नये.

डोक्यावरचा तारा ही सवलत आहे असे वर म्हटले, तिची किंमत येथे मोजावी लागते. जर्मन पद्धतीचे विषुववृत्तीय माउंट तारा याम्योत्तर ओलांडताना दुर्बीण दुसऱ्या बाजूला उलटवते. त्यानंतर चित्र १८० अंशांनी फिरते आणि प्रत्येक तारा वेगळ्या पिक्सेलवर पडतो. माझ्या पहिल्या आलेखात रात्री नऊच्या पुढे एक टक्क्याची देखणी घट उमटली होती. आनंद ओसरल्यावर लक्षात आले की ग्रह अजून ताऱ्यापाशी पोहोचायचा होता, आणि ती उडी दुर्बीण उलटल्याची होती. उपाय असा की ही उलटापालट अधिक्रमण सुरू होण्यापूर्वी किंवा संपल्यानंतर होईल अशीच रात्र निवडावी. क्षितिजसमांतर पद्धतीच्या माउंटची अडचण वेगळी आहे: ख-मध्याजवळ त्याला फार वेगाने दिशा बदलावी लागते आणि ते ताऱ्यामागे धावताना हुकते. अशा माउंटवाल्यांनी याम्योत्तराच्या आसपासचा अर्धा-पाऊण तास गमवावा लागेल असे गृहीत धरून योजना आखावी.

दवाची काळजी घ्यावी. ऑक्टोबरअखेर उघड्या माळावर लेन्सवर दव धरते आणि सगळेच तारे हळूहळू मंद होत जातात. लेन्सभोवती गुंडाळायची साधी तापपट्टी ही अडचण मिटवते.

मोजणी

ॲस्ट्रोइमेजजे ही विनामूल्य संगणकप्रणाली या कामासाठी उत्तम आहे. पूरक चित्रांचे संस्कार करून झाल्यावर आपल्या ताऱ्याभोवती एक वर्तुळ आखायचे, त्यातील सर्व प्रकाशाची बेरीज करायची, त्याबाहेरच्या कंकणाकृती पट्ट्यातून आकाशाचा उजेड मोजून तो वजा करायचा, आणि हेच तुलनेच्या चार-पाच ताऱ्यांसाठी करायचे. मग आपल्या ताऱ्याच्या बेरजेला तुलनेच्या ताऱ्यांच्या एकत्रित बेरजेने भागायचे. पातळ ढग, दव, धूळ हे सर्व ताऱ्यांना सारखेच मंद करतात, त्यामुळे भागाकारात ते नाहीसे होतात आणि ज्याचे दुखणे त्याच्यापाशी उरते.

तुलनेचा तारा निवडताना त्याचा रंग आपल्या ताऱ्याशी मिळताजुळता असावा. एचडी २०९४५८ सूर्यासारखाच पिवळसर आहे. शेजारचा तांबडा राक्षसी तारा तुलनेला घेतला, तर तारे पश्चिमेला कलू लागताच वातावरण निळा प्रकाश अधिक गाळते आणि भागाकाराची रेषा आपोआप चढू किंवा उतरू लागते. हा कल संगणकाने काढता येतो. परंतु वातावरणाचा कल, आकाशाचा उजेड, ताऱ्याचे सरकणे असे एकामागून एक घटक दुरुस्त करत गेले की आलेख हवा तसा दिसू लागतो, आणि नेमका तेव्हाच तो अविश्वसनीय होतो. एकच कल काढावा, आणि तोही अधिक्रमणाबाहेरच्या दोन तासांच्या आधारे.

आलेखातून ग्रह वाचणे

सगळे नीट जमले तर आलेखावर पसरट तळाच्या कढईसारखी एक खोली दिसते. तिच्यातून निघणारी माहिती एकेक करून घेऊ.

पहिली, खोली. ती सुमारे १.४६ टक्के धरली तर ०.०१४६ चे वर्गमूळ ०.१२१ येते, म्हणजे ग्रहाची त्रिज्या ताऱ्याच्या त्रिज्येच्या ०.१२१ पट आहे. ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या १.१६ पट, म्हणजे सुमारे ८,०७,००० किलोमीटर. त्यावरून ग्रहाची त्रिज्या ९७,६०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे गुरूच्या १.३७ पट येते. आपल्या आलेखात तळ याहून किंचित खोल आणि गोलसर दिसेल, कारण ताऱ्याचे बिंब मध्यभागी उजळ आणि कडेला मंद असते, आणि ग्रह मध्याजवळ असताना अधिक उजळ भाग झाकतो.

दुसरी, कक्षा. केप्लरचा तिसरा नियम घ्या: वर्षांत मोजलेल्या आवर्तकालाचा वर्ग गुणिले सूर्याच्या पटीतील ताऱ्याचे वस्तुमान, त्याचे घनमूळ म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटीतील कक्षेची त्रिज्या. ३.५२४७ दिवस म्हणजे ०.००९६५ वर्षे, ताऱ्याचे वस्तुमान १.१२ सूर्य; उत्तर ०.०४७१, म्हणजे साधारण ७० लाख किलोमीटर. बुध सूर्यापासून सरासरी ५ कोटी ७९ लाख किलोमीटर दूर असतो, यावरून हा ग्रह किती तापत असेल याची कल्पना येते. एवढी कक्षा तो साडेतीन दिवसांत पुरी करतो, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला १४५ किलोमीटर आहे.

तिसरी, कालावधी. हा भाग मला सर्वांत देखणा वाटतो. ग्रह ताऱ्याच्या बरोबर मध्यावरून गेला असता, तर वरील वेगाने त्याला सुमारे ३ तास २७ मिनिटे लागली असती. आपण मोजली ३ तास ४ मिनिटे. म्हणजे त्याने व्यासापेक्षा आखूड रस्ता घेतला. पायथागोरसाचा सिद्धांत लावला की त्याचा मार्ग बिंबाच्या मध्यापासून ताऱ्याच्या निम्म्या त्रिज्येएवढ्या अंतरावरून जातो असे निघते. ज्या बिंबाचा आकार आपण कधी पाहू शकत नाही, त्याच्या कोणत्या भागावरून ग्रह गेला, हे केवळ घड्याळावरून कळते.

हा ग्रहच कशावरून

येथपर्यंत जे हाती आले ते एका अपारदर्शक गोलाचे माप आहे, ग्रहाचा पुरावा त्यात अजून नाही. गुरू, त्याच्या पन्नासपट वस्तुमानाचा तपकिरी खुजा (ग्रहाहून जड, पण तारा होण्याइतका जड नसलेला गोल) आणि सर्वांत लहान तांबडे तारे आकाराने एकमेकांच्या इतके जवळ असतात की नुसत्या त्रिज्येवरून त्यांत भेद करता येत नाही. शिवाय दोन तारे एकमेकांना कडेने झाकत असतील, किंवा ग्रहण होणारी एखादी मंद तारकाजोडी आपल्या ताऱ्याच्या पाठीमागे दृष्टिरेषेत असेल, तरीही एक-दीड टक्क्याची घट दिसते. नव्या उमेदवारांच्या बाबतीत म्हणून तीन गोष्टी तपासतात: तळ पसरट आहे की टोकदार, एकाआड एक येणाऱ्या घटी सारख्याच खोल आहेत की नाहीत, आणि निळ्या व तांबड्या गाळणीतून खोली जवळपास तीच येते की नाही. कडेच्या मंदपणामुळे थोडा फरक पडतो, मात्र मोठा फरक पडला तर दुसऱ्या ताऱ्याचा हात समजावा.

निर्णायक साक्ष वजनाची असते, आणि ती वर्णपटातून मिळते. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो तेव्हा ताराही दोघांच्या सामाईक गुरुत्वमध्याभोवती किंचित डोलतो. तो आपल्याकडे येताना त्याच्या वर्णरेषा निळ्याकडे आणि दूर जाताना तांबड्याकडे सरकतात. याच पद्धतीने मिशेल मेयर आणि दिदिए क्वेलो यांनी १९९५ मध्ये याच महाअश्वातील ५१ पेगासी या ताऱ्याचा ग्रह शोधला आणि त्यासाठी २०१९ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. भारतात अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचा ‘पारस’ हा वर्णपटमापक अबूच्या पहाडावर हेच काम करतो आणि त्याने परग्रह शोधूनही दाखवले आहेत. घरच्या साधनांना हे अजून दूरचे आहे: गुरूमुळे आपला सूर्य सेकंदाला साडेबारा मीटरने डोलतो, म्हणजे जवळपास जगातील सर्वांत वेगवान धावपटूच्या कमाल वेगाने.

एचडी २०९४५८ सेकंदाला सुमारे ८५ मीटरने डोलतो. आपण काढलेला ग्रहाचा वेग सेकंदाला १,४५,३०० मीटर आहे. दोघांचे संवेग सारखे असावे लागतात, म्हणून वेग जितक्या पटीने कमी तितक्या पटीने वस्तुमान जास्त: १,४५,३०० ला ८५ ने भागले की तारा ग्रहाहून सुमारे १,७०९ पट जड ठरतो. त्यावरून ग्रहाचे वस्तुमान गुरूच्या ०.६९ पट येते. तपकिरी खुजा यात बसत नाही. हा ग्रहच आहे. एरवी नुसत्या डोलण्यावरून वस्तुमानाची केवळ किमान मर्यादा कळते, कारण कक्षा किती तिरकी आहे हे ठाऊक नसते. अधिक्रमण दिसले की कक्षा कडेने दिसते हे सिद्ध होते आणि मर्यादेची जागा प्रत्यक्ष आकडा घेतो. दोन्ही पद्धती एकाच ताऱ्यावर पहिल्यांदा जुळल्या त्या येथे, आणि वस्तुमानाला घनफळाने भागून परग्रहाची घनता पहिल्यांदा काढता आली तीही येथेच. ती घन सेंटिमीटरला सुमारे ०.३३ ग्रॅम आहे. सूर्यमालेतील सर्वांत विरळ ग्रह शनी, आणि त्याची घनता ०.६९ आहे. इतका फुगलेला ग्रह गारगोटीचा किंवा बर्फाचा असू शकत नाही, तो मुख्यत्वे तप्त हायड्रोजन आणि हेलियमचाच असला पाहिजे.

या कथेला एक जोड आहे. हिपार्कोस उपग्रहाने १९८९ ते १९९३ या काळात ताऱ्यांची तेजे मोजली होती. १९९९ नंतर संशोधकांनी त्या जुन्या नोंदी उघडल्या, तेव्हा त्यांत या ग्रहाची अधिक्रमणे आढळली. विरळ मोजण्यांमधली चार-दोन मंद नोंदींची ती खूण कोणाला जाणवली नव्हती. आवर्तकाल हाती आल्यावर त्याच नोंदी नीट घडीत बसल्या, आणि आवर्तकाल अधिक अचूक करण्यासाठी त्यांचा उपयोगही झाला.

वातावरणाविषयी वाचताना

येथून पुढचे काम अवकाशातील आणि मोठ्या दुर्बिणींचे आहे, परंतु त्याविषयीच्या बातम्या पारखण्याची दृष्टी आपल्या आलेखातून येते. ग्रहाच्या वातावरणात एखादे मूलद्रव्य असेल, तर त्याच्या वर्णरेषेच्या रंगात ग्रह किंचित मोठा दिसतो, म्हणजे अधिक्रमण किंचित खोल होते. हबल दुर्बिणीच्या साहाय्याने २००१ मध्ये या ग्रहावर सोडियम सापडल्याचे जाहीर झाले. त्या रंगातील जादा घट ०.०२ टक्के होती, म्हणजे आपण मोजलेल्या घटीचा सुमारे साठावा-सत्तरावा भाग. २००३ मध्ये अतिनील प्रकाशात पंधरा टक्क्यांची घट दिसली, आणि ग्रहाभोवती निसटत चाललेल्या हायड्रोजनचा विस्तीर्ण ढग असल्याचे कळले. २००५ मध्ये स्पिट्झर दुर्बिणीने ग्रह ताऱ्याच्या मागे जाताना नाहीशी होणारी त्याची स्वतःची उष्णता मोजली.

पुढे यांतले काही निष्कर्ष डळमळीत झाले. ग्रहाच्या वरच्या वातावरणात उंचीबरोबर तापमान वाढते, असा स्पिट्झरच्या मापनांवरून काढलेला निष्कर्ष २०१४ च्या फेरतपासणीत टिकला नाही. सोडियमविषयीही २०२० मध्ये शंका उपस्थित झाली: जमिनीवरून घेतलेल्या सूक्ष्म वर्णपटांतील ती खूण ग्रहाच्या वातावरणाशिवायही स्पष्ट करता येते असे दाखवले गेले, कारण फिरणाऱ्या ताऱ्याचा एकेक भाग ग्रह झाकत जातो तेव्हा ताऱ्याच्याच वर्णरेषांचा आकार बदलतो. दुर्बीण उलटल्यामुळे आलेली उडी मी ग्रह समजून बसलो होतो, त्याच जातीची ही अडचण आहे, फक्त पन्नासपट बारीक. अमुक ग्रहावर तमुक वायू सापडला अशी बातमी वाचताना म्हणून घट किती होती आणि ताऱ्याचा वाटा कसा वेगळा काढला, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

नोंद पाठवणे आणि पुढचा तारा

आपला आलेख वहीत ठेवू नये. युरोपीय अवकाश संस्थेच्या एरियल दुर्बिणीसाठी परग्रहांच्या अधिक्रमणांच्या वेळा अद्ययावत ठेवण्याचे काम एक्सोक्लॉक हा प्रकल्प हौशी निरीक्षकांच्या मदतीने करतो, आणि नासाचा एक्सोप्लॅनेट वॉच हा उपक्रमही त्याच हेतूने चालतो. आवर्तकालातील सेकंदाच्या लहानशा अंशाची चूकही हजारो फेऱ्यांत मिनिटांपर्यंत साचते. महागड्या दुर्बिणीचा वेळ त्यामुळे वाया जाऊ नये म्हणून अधिक्रमणाचा मध्य मिनिटभराच्या अचूकतेने सांगणारी नोंद उपयोगी पडते. नोंदीसोबत वेळेची पद्धत, गाळणी, एक्स्पोजर आणि तुलनेचे तारे स्पष्ट लिहावेत.

पाच तासांची बैठक जमत नसेल, तर एचडी १८९७३३ हा तारा घ्यावा. तो जंबुक तारकासमूहात डंबेल तेजोमेघाच्या शेजारी आहे, त्याची प्रत ७.६७ आणि क्रांती उत्तर २२ अंश ४३ कला आहे, त्याच्या ग्रहाचा आवर्तकाल २.२२ दिवसांचा आहे आणि अधिक्रमण १ तास ५० मिनिटांत उरकते. घटही २.४ टक्के, म्हणजे अधिक ठळक. मात्र त्या ताऱ्यावर मोठे डाग असतात, आणि ग्रह एखाद्या डागावरून गेला की आलेखाच्या तळाशी छोटा उंचवटा येतो; तो दिसला तर ती मोजणी फेकून न देता पुन्हा एकदा पाहावी.